न्हाणं झालं की फोन जातो

मैत्रिणींनो, घरात बोलायला कोणी नाही, म्हणून इथं लिहून राह्यली.

बोंडअळीनं कापूस खाल्ला तेव्हापासून आमचे हे पुण्याला कंपनीत आहेत. पाळी संपून माझं डोक्यावरून न्हाणं झालं की सासूबाई त्यांना फोन लावतात, "सूनबाई न्हाली, येऊन जाय." मूल राहायचे दिवस तेच, असं त्यांचं पक्कं आहे. हे दोन दिवस राहतात, जातात. मग महिनाभर मी आणि टोमणे.

आज राळेगावला डॉक्टर मॅडमकडे एकटीच गेली. त्या म्हणाल्या, "तुमची पाळी महिन्याला नियमित येते. म्हणजे न्हाणं झाल्याबरोबर शक्यता कमीच. बीज सुटतं पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी. तो दिवस आणि त्याच्या आधीचे चार-पाच दिवस महत्त्वाचे. तेव्हा नवरा कुठं असतो?"

"पुण्याला," मी म्हटलं.

एसटी स्टँडवरूनच ह्यांना फोन करून सगळं समजावलं. म्हटलं, "या वेळी आठवडाभर उशिरा या."

ते म्हणाले, "आईले विचारलं का?"

गावची गाडी समोर लागली होती. मी चढलीच नाही; स्टँडवरच्या बाकावर बसून हे लिहून राह्यली.

खरं सांगा, तुमच्या घरी तुमचे दिवस कोण मोजतं?