ओटीवरचं ताट

शेजारच्यांच्या फोनवर निरोप आला तेव्हा मी पापड लाटत होते. ताई गेली. झोपेतच, हृदय बंद पडून. पेणहून रोह्याला पोचले तरी बोटांना पीठ तसंच होतं. दीड महिना झाला, अजून मला एका जागी बसवत नाही. भांडी आवरते, पुन्हा तीच काढते...

ताई अंगानं चांगली भरलेली. लहानपणी आम्ही चिडवायचो आणि तीच सगळ्यांच्या आधी हसायची. पुढे रोह्याजवळ वरसेला सासरी गुडघे चालू देईनात, तेव्हा भावोजींनी मुंबईला नेऊन ऑपरेशन करवलं. जठराची लहानशी पिशवी करून ती आतड्याला जोडायची, असलं काही आमच्याकडे कुणी ऐकलंही नव्हतं. वर्षभर वजन उतरलं, मग थांबलं, मग चढू लागलं. तिच्या सासूबाईंनी लाडवांचा डबा माळ्यावर ठेवला. "पोट कापून आली तरी चोरून खातेच हाय," माझ्यादेखत म्हणाल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

ताई भांडली नाही. त्या घरात बायका शेवटी, आत स्वयंपाकघरात जेवायच्या. ही दुसऱ्या दिवसापासून भर दुपारी ताट घेऊन ओटीवर, रस्त्याकडे तोंड करून बसू लागली. चतकोर भाकरी, वाटीभर आमटी. "बघू दे गो सगळ्यांना," म्हणायची. वजन मात्र हटेना.

शेवटी मीच हट्टानं दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. सासूबाईही आल्या, पण बाहेरच बसल्या. पांढरं औषध पाजून पोटाचे फोटो काढले. डॉक्टर म्हणाले, "पिशवी मोठी राहिलीय, पुढची वाटही रुंद आहे. खाल्लेलं लगेच खाली उतरतं आणि परत भूक लागते. यांचा काही दोष नाही."

"थांबा डॉक्टर," ताई उठलीच. "सासूबाई भायेर हायत. त्यांच्यासमोर परत सांगा."

डॉक्टरांनी सांगितलं. घरी आल्यावर सासूबाईंच्याच हातानं डबा माळ्यावरून खाली आला.

पुन्हा ऑपरेशन करून पिशवी लहान करता आली असती. ताई नको म्हणाली. "मला पायजे होतं ते मिळालं." मला तिचा राग यायचा, अजून येतो. केलं असतं तर आज ती असती का? कुणाला विचारू? ती आपली ओटीवरच जेवत राहिली.

परवा वरसेला गेले आणि दारातच थबकले. ताईच्या जागेवर सासूबाई ताट घेऊन बसल्या होत्या. भाकरी मोडलेलीही नव्हती.

"आत बसून घास उतरत नाय गो," म्हणाल्या, आणि सरकून त्यांनी मला जागा दिली.

मी बसले.