भानुकाकांचा हात

दुबईच्या अल नहदातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये अशी वदंता आहे की भानुदास तारी यांनी एका घड्याळासाठी मासा विकला. बाजारातला मासा नव्हे, स्पर्धेतला. सेलफिश, पाठीवर निळं शीड उभारून समुद्रातून उसळणारा. समोरच्या पार्टीनं घड्याळ दिलं आणि यांनी अल ऐनच्या एका पोरीला ऐन वेळी हरवलं, असं लिफ्टमधल्या लिफ्टमध्ये सांगितलं जातं. चौथ्या मजल्यावरच्या कुबराआंटी तर सांगताना मनगट फिरवून दाखवतात, "इत्ता बडा डायल था. मैंने खुद देखा है ना."

डायल मोठा आहे, तेवढं खरं. घड्याळ दिलं ते त्या पोरीच्याच बापानं, डॉक्टर युसुफ यांनी, आणि तेही स्पर्धेच्या आदल्या वर्षी, लेकीला पहिला मासा लागला त्या आनंदात. विकला असता तर भानुकाकांच्या जिवाला इतकं लागलं नसतं. त्यांनी केलं ते वेगळंच. त्यांनी मदत केली.

भानुकाका आमच्याकडे, स्वयंपाकघराला लागून असलेल्या छोट्या खोलीत राहतात. गाव मालवणजवळचं तळाशील, एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्ये माणसं आणि माड. तिथं रापण लागते. होडीतून लांबलचक जाळं समुद्रात गोल सोडायचं, दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणायची आणि सगळ्यांनी मिळून ओढायचं. दोरीला ज्याचा हात लागला त्याला वाटा, हा नियम. शाळेला निघालेला मास्तर असो की वाट चुकलेला पर्यटक, हात लावला तर त्याच्या पिशवीत चार बांगडे पडणारच. आणि याची दुसरी बाजूही तेवढीच पक्की. दुसरा ओढतोय आणि तू हात बांधून उभा आहेस, तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. भानुकाकांची आई ठकुबाई म्हणायची, "हात रिकामो ठेवलंस तर भूत येऊन धरता."

त्यामुळे भानुकाकांचा हात जातो. लिफ्टमध्ये कुणाची पिशवी दिसली की गेला. आई गिऱ्हाइकांच्या डब्यांसाठी आमटीचं पातेलं उतरवायला लागली की तिच्या आधी यांची फडकी पातेल्याच्या कानांवर. कुबराआंटींच्या भाजीच्या पिशव्या तर तेच वर नेऊन देतात, आणि आंटी मागून चालताना घड्याळाची गोष्ट शेजारणीला सांगत असतात. कुणी म्हणालं, "अहो काका, राहू द्या," तर ते स्वतःच्याच पंजाकडे परक्या माणसासारखं बघतात आणि म्हणतात, "हात गेलो. मी खंय धाडलंय?"

हे वाक्य मला हुबेहूब येतं. 'खंय' नाकातून सोडायचा आणि 'धाडलंय'ला खांदे पाडायचे. आमच्या बिल्डिंगमध्ये त्याला फार मागणी आहे.

दिवाळी सरली की शिमग्यापर्यंत दुबईच्या समुद्रात या शिडाच्या माशांचा हंगाम. पहाटे जेटीवर बोटींची इंजिनं घुरघुरतात, गोरे, अरब, आपले व्यापारी, सगळे टोप्या घालून चढतात. भानुकाका अशाच एका बोटीवर खलाशी. कॅप्टन रणजित ठाण्याचा. त्याच्या तोंडात तीन भाषा एकदम असतात. "भानूभाई, सिंपल फंडा. क्लायंटचा रॉड, क्लायंटचा मासा. गळाजवळची जाड दोरी हाताशी येईपर्यंत नो टच. दुसऱ्या कुणाचा हात रॉडला लागला की मासा बाद. खलास." मासा बोटीपाशी आला की फोटो काढायचा आणि जिवंत सोडून द्यायचा. पहिल्या वर्षी भानुकाकांना याचंच हसू यायचं. "धरूचो, फोटो काढूचो नि सोडूचो. ही मासेमारी की मुलगी बघूचो कार्यक्रम?"

डॉक्टरांची ती लेक, लायबा, भानुकाकांच्याच बोटीवर मासे धरायला शिकली. डॉक्टर युसुफ यांचा अल ऐनमध्ये दातांचा दवाखाना. वाळवंटातलं गाव, समुद्र कुठच्या कुठे. पण पोरीला हेच वेड. घरी बाल्कनीच्या कठड्याला दोरी बांधून, पाण्याचे कॅन लटकवून ती दंड कमवायची. भानुकाकांनी तिला गळाची बारीक तंगूस ओली असताना बोटानं कशी चाचपायची ते शिकवलं, मासा पळतो तेव्हा पळू कसं द्यायचं ते शिकवलं. ती त्यांच्याशी उर्दू-इंग्रजीत बोलायची, ते तिच्याशी मालवणीत. दोघांचं काही अडलं नाही.

गेल्या वर्षी मुलांच्या गटाची स्पर्धा होती. लायबाला सोळावं लागलेलं, म्हणजे त्या गटातलं शेवटचं वर्ष. दुपारपर्यंत बाकीच्या बोटींवर बारीकसारीकच मासे. हिच्या गळाला लागला तो असा की शीड वर आलं तेव्हा रणजितसुद्धा बाकीच्या दोन्ही भाषा विसरून "आई शप्पथ" म्हणाला. पोरगी झुंजली. ओठ चावून चावून पांढरे पडले होते. मासा जवळ आला, आता जाड दोरी दिसणार, तेवढ्यात लाटेनं बोट कलंडली. लायबाचा गुडघा मुडपला, कमरेच्या पट्ट्यातल्या वाटीतून रॉडचं बूड निसटलं.

आणि हात गेला.

पापणी लवते तेवढाच वेळ. भानुकाकांचा पंजा रॉडवर, रॉड परत वाटीत, पोरगी परत पायांवर. मासा बोटीला लागला, फोटो निघाले, मासा सुटला. पंच पुढच्या टोकाला होता, त्यानं काही पाहिलं नव्हतं. पण नियमाप्रमाणे त्यानं विचारलं, रॉडला कुणाचा हात लागला का.

भानुकाका पुढे झाले. 'नो सर' त्यांच्या जिभेवर आलं होतं. इतकी वर्षं बोटीवर काढली, पण खोटं बोलायला इतकी घाई त्यांना कधीच झाली नव्हती. त्यांचं तोंड उघडलं आणि आवाज लायबाचा आला. "येस. ही डिड." तिनं बोट दाखवलं नाही, वर पाहिलंही नाही.

जेटीवर डॉक्टर म्हणत राहिले, "नेक्स्ट इयर, इन्शाल्ला, मोठ्यांच्या गटात." भानुकाका पिशव्या उचलायला धावले, तर तिनं आपली पिशवी स्वतः घेतली आणि हळूच म्हणाली, "अंकल, वो मेरा था."

पुढे वर्षभर भानुकाकांच्या तोंडी या एका गोष्टीखेरीज दुसरा विषय नव्हता. आमटी ढवळताना मध्येच म्हणायचे, "वहिनी, पडली असती तर पडली असती. मासो गेलो असतो तर तिचो गेलो असतो. माझ्या हातान गेलो, ह्या वायट." आई म्हणायची, "अहो, पोर पडताना कोण बघत बसेल?" ते म्हणायचे, "बघूक होया होता." बक्षीस मिळालेल्या बोटीनं मिठाई वाटली, कुणाला तरी घड्याळ दिसलं, आणि वदंता सुटली ती सुटलीच. त्यांनी ती खोडून काढली नाही. घड्याळही उतरवलं नाही.

यंदा जानेवारीत लायबा परत येणार, तीही याच बोटीवर, असं रणजितनं कळवलं. त्या संध्याकाळी भानुकाकांनी स्वयंपाकघरात जाहीर केलं, "यंदा हात जावचो नाय."

मी हसले. म्हटलं, "काका, जाणार."

"पैज."

ठरलं असं: हात गेला तर बिल्डिंगच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात मी त्यांची नक्कल करणार आणि ते पहिल्या रांगेत बसून बघणार. नाही गेला तर मी त्यांचा आवाज कायमचा सोडायचा. मी जिंकल्याचा तिळगूळही तेव्हाच खाऊन टाकला, इतकी माझी खात्री होती.

मग सराव सुरू झाला. आई लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरवून फिरवून लाल झाली आणि भानुकाका शेजारी हात पाठीमागे बांधून उभे.

"भावजी, अहो धरा की जरा."

"नाय वहिनी. प्रॅक्टिस हा."

"मग जेवायला लोणचंही प्रॅक्टिसनंच वाढू का?"

लिफ्टमध्ये कुबराआंटींची पिशवी फाटून बटाटे गडगडले, तरी हा माणूस भिंतीला पाठ लावून डोळे मिटून उभा. आंटी म्हणाल्या, "देखा? घडी मिली तो बडा आदमी हो गया."

स्पर्धेच्या दिवशी समुद्र फार हलत होता. लायबाला मासा लागला तो दुपार कलताना. भानुकाका तिच्या मागे उभे, दोन्ही पंजे स्वतःच्या कमरेच्या पट्ट्यात खोचलेले. रणजित वरून ओरडत होता, "भानूभाई, यल्ला, मागे सरका." ते सरकले. पोरीचे दंड आता भरलेले, नजर पाण्यावर. मासा उसळला, शीड उन्हात लखलखलं. जाड दोरीचं टोक पाण्यातून वर आलं आणि लाट तशीच आली. गुडघा तोच मुडपला, बूड तसंच निसटलं.

रॉड भानुकाकांच्या छातीपासून हाताच्या अंतरावर होता. हे सगळं डॉक्टरांनी काढलेल्या व्हिडिओत दिसतं, मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. त्यांचे खांदे पुढे येतात. हात येत नाहीत. लायबा गुडघ्यांवर आदळते, रॉड कठड्यावर आपटतो, तंगूस तुटते. मग नुसतं पाणी.

तिनं माशाकडे पाहिलं नाही. आधी मान वळवून भानुकाकांच्या हातांकडे पाहिलं. ते अजून पट्ट्यातच होते. "थँक यू, अंकल," ती म्हणाली आणि मग रडली.

घरी आले तेव्हा जेवणं झाली होती. आईनं ताट वाढलं, त्यांनी आमटीत भात कालवला आणि तसाच ठेवला. मी ओट्यापाशी भांडी पुसत होते.

"हरलंस गो," ते म्हणाले, पण जिंकल्यासारखं नाही.

"हरले."

"तिच्या गुडघ्याक लागला. रगात इला." त्यांनी ताट थोडं पुढे सरकवलं. "तेव्हा लावलंय तरी चुकलंय. आता नाय लावलंय तरी..." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तां करून दाखव बघू. माझा. हात गेलो, तां."

आजवर मी त्यांची नक्कल केली की ते खोलीत निघून जायचे. आज पहिल्यांदाच मागत होते. वाक्य माझ्या ओठांवर होतं, नाकातला 'खंय' तयार होता. पण पैज म्हणजे पैज. मी मान हलवून नाही म्हटलं आणि जड पातेलं पुसायला घेतलं.

ते ताटावरून उठले, उष्टा हात धुतला, आणि न विचारता माझ्या हातातून पातेलं काढून घेतलं.

नाकातला 'खंय' तसाच दाबून मी तोंड मिटून उभी राहिले.