चुडाव्याच्या नावाचा जिवाणू

शीलाचं लहानपण चुडाव्यात आईवडिलांच्या मेंढरांमागं गेलं. शिकत शिकत ती पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पोचली. माणसाच्या आतड्यात असे कितीतरी जिवाणू असतात, जे हवा लागली की मरतात. त्यांतले अनोळखी जिवंत वाढवायचे आणि ते कुठल्या कुळातले हे ठरवायचं, हे तिचं काम. नमुने सगळे शहरातल्या माणसांचे यायचे. भाकरी आणि मेंढीच्या दुधावर वाढलेल्या आपल्या माणसांच्या पोटात काय असेल, हे तिला बघायचं होतं. रीतसर परवानगी काढून ती गावी आली.

नमुना विष्ठेचा हवा, हे कळल्यावर बायांनी तोंडाला पदर लावले. शेजारची चतुराबाई म्हणाली, "अगं, एवढं शिकून हे गोळा करायलीस व्हय?"

शीलाची आई, मनकर्णाबाई, पुढं झाली. "पोरगी चोरी तर न्हाई ना करायली? आन गं, पयली डबी मला दे."

मग बाकीच्याही तयार झाल्या.

पण पुण्याला जाईपर्यंत डब्यांत हवा शिरली. हवे होते ते जिवाणू वाटेतच मेले. गावाला पुन्हा तेच मागायचं, या विचारानंच शीलाला शरम वाटली. तरी ती आली. या वेळी तिनं ऑक्सिजन शोषून घेणाऱ्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या बरण्या आणल्या आणि नमुना हाती येताच त्यांत बंद केला.

प्रयोगशाळेतल्या बिनहवेच्या पेटीत, रबरी हातमोज्यांतून हात घालून तिनं जिवाणूंचं खाद्य घातलेल्या ताटल्यांत नमुने पेरले. बरेच दिवस काही दिसलं नाही. मग एका ताटलीत खसखशीएवढे पांढुरके ठिपके उमटले. त्यांतल्या जिवाणूंची जनुकं कुठल्याच नोंदलेल्या जातीशी पुरती जुळेनात. शीलाच्या वरिष्ठ साधनाताई म्हणाल्या, "आनंद नंतर. आधी तो काय खातो, कुठलं आम्ल सोडतो, सगळं तपास." त्यात वर्षावर गेलं. इथल्या आणि दुसऱ्या देशातल्या जिवाणूंच्या संग्रहालयांनी जिवंत नमुना पारखून ठेवून घेतला, तेव्हा नवी जात ठरली. शीलानं नाव दिलं चुडावेन्सिस, म्हणजे चुडाव्याचा.

ती सांगायला घरी आली, तेव्हा मनकर्णाबाई मेंढरांना पाणी पाजत होती.

"कोनाच्या पोटातला गं त्यो?"

"नावं लिहून ठेवत न्हाईत, आई. मलाबी ठाव न्हाई."

"मंग गावाचं नाव दिलंस ते लय बेस केलंस. न्हाईतर चतुरा म्हनली असती, माझाच हाय." मनकर्णाबाई हसली. "आन त्यो चांगला हाय का वंगाळ?"

"आजून कळलं न्हाई."

"मंग शोध की."

शीला तिथंच दगडावर टेकली. पेटीतला जिवाणू कसा वाढतो, ते ती आईला सांगत राहिली, आणि मनकर्णाबाई मधूनमधून विचारत राहिली.