अड्याळला ठेवलेलं बियाणं

आमचं गाव वैनगंगेच्या इतकं काठावर आहे की नागपुरात कोणी गुळणी टाकली तर ती दोन दिवसांनी आमच्या अंगणात येते. पूर आला की आम्ही घाबरत नाही, सरकून बसतो. एका वर्षी आमचा कोंबडा भोपळ्यावर बसून पवनीपर्यंत वाहत गेला होता. तिथे त्याने बांग दिली आणि आम्ही ती इथे ऐकून उठलो. हे खोटं वाटत असेल तर पवनीत विचारा. फक्त कोंबड्याला विचारू नका, तो तिकडेच राहिला.

पुराची खबर आम्हाला मोबाईलवर सरकारकडून येते, पण त्याच्या आधी बपेऱ्याहून आत्याची येते. ती नदीच्या वरच्या अंगाला राहते. धरणाची दारं उघडली की ती फोन करते, पाहुणा बसमध्ये बसवून दिल्यासारखी सांगते, "पानी निंगालं आमच्या इथून. जेवून घ्या."

दोन-तीन वर्षांमागे भंडाऱ्याहून एक साहेब आले होते, पुरासाठी घराची तयारी कशी करावी हे सांगायला. समाजमंदिरात सतरंजी टाकली. टॉर्च, औषधं, कागदपत्रं, फुटाणे, हे सगळं एका पिशवीत भरून खुंटीला लावून ठेवा, असं त्यांनी समजावलं. माणूस चांगला होता, चहाही दोनदा घेतला. मग त्यांनी समोर बसलेल्या माझ्या आईला विचारलं, "बाई, तुमच्या घरी पुराची काय तयारी आहे?"

आई म्हणाली, "अड्याळले आहे."

साहेब हसले. त्यांना वाटलं, म्हातारीला प्रश्न कळला नाही. आम्हाला मात्र उत्तर कळलं होतं. अड्याळ हे आईचं माहेर. आमच्या गावात प्रत्येक सुनेचं माहेर हेच तिच्या घराचं गोदाम. मृग लागायच्या आधी जे बुडायला नको ते तिकडे जातं. इथे सोयरीक जुळवताना मुलीचा रंग नंतर पाहतात, तिच्या बापाचं घर नदीपासून किती लांब ते आधी. माझी आई दिसायला कशी होती हे वडिलांनी लग्नात पाहिलं म्हणतात. अड्याळ मात्र त्यांनी आधी जाऊन पाहून घेतलं होतं.

आई तिकडे पाठवायची ते चिन्नोरचं बियाणं. हा वासाचा धान आता गावात कोणी लावत नाही. लोंबी उशिरा धरतो, पिकतो कमी, उंच वाढून आडवा पडतो. पण आईला तो सासूकडून आला आणि नदीकडच्या एका बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या वावरात, ती तो दरवर्षी लावते. भात शिजला की वास शेजारच्या गावापर्यंत जातो आणि तिथली माणसं नुसत्या वासावर वरण ओततात. पेरणीच्या आधी आई निम्मं बी पेरायला घरी ठेवायची आणि निम्मं शेणाने सारवलेल्या टोपलीत, वर कडुनिंबाचा पाला घालून, अड्याळला मामाकडे. रोवणी, म्हणजे भाताची लावणी, बुडाली तर दुसऱ्यांदा पेरायला.

त्या वर्षी ती बुडाली. रोवणी होऊन आठवडा झाला नव्हता. आत्याचा फोन आला, आम्ही जेवून घेतलं, आणि पाणी आलं. ते उतरलं तेव्हा बांधीत रोपांऐवजी काळा गाळ होता. घरी बियाण्याचा एक दाणा उरलेला नव्हता. आता जे होतं ते अड्याळच्या टोपलीत. जुनं बी पुढच्या साली उगवत नाही, म्हणून ते लगेच पेरलं नाही तर चिन्नोर आमच्या घरातून संपला, असा सरळ हिशेब. आई पदर खोचून माझ्या मोटरसायकलवर मागे बसली आणि अड्याळपर्यंत माझ्या पाठीत ढोसत राहिली. 

मामा ओसरीवर सुपारी कातरत बसला होता. आईला पाहून त्याचा अडकित्ता थांबला.

"बाई, तू काहून आली या चिखलात? मीच येऊन राह्यलो होतो."

"टोपली दे."

मामाने आत पाहिलं. मामी दारात येऊन उभी राहिली.

"बाई, असं झालं का," मामा म्हणाला, "पोरीले पाहाले पाहुणे आले होते. वर्धेकडचे. आता पाहुण्यायले जाडा भात कसा वाढाव? लोक म्हनतीन, झाडीपट्टीत येऊन हेच खाल्लं."

"मंग?"

"मंग कांडलं थोडंसं."

आई खाली बसली. मला वाटलं, आता घर पडतं. मामाचं घर पक्कं होतं म्हणून वाचलं.

"बियाणं कांडलं," आई म्हणाली. "पोरगी पसंत पडली?"

"पडली. नवरदेवाच्या बापानं तीनदा भात घेतला."

"त्याच्यासाठी लावत होती मी दरसाल."

मामी आत गेली आणि टोपली घेऊन आली. तळाशी ओंजळ-दोन ओंजळी धान होता.

"हे तर सारंच काढा म्हनत होते," ती मामाकडे न पाहता म्हणाली. "मी म्हनलं, मोकळा तळ दिसू देऊ नाई. अन्नाचं भांडं आहे."

"मी तसा म्हनलो नाई," मामा म्हणाला.

"तू सुपारी खा," आई म्हणाली.

दाण्याचं भांडं पुरतं रितं करायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. ती कोणी पुरासाठी काढली नव्हती. आईने तो धान पदरात बांधला. मामाने भरपाई म्हणून जाड्या धानाचं पोतं गाडीला बांधून दिलं. बांधीत तेच गेलं. चिन्नोरचे पऱ्हे, म्हणजे लावणीची रोपं, आईने परसात, विहिरीच्या उंचवट्यावर टाकले आणि खाटेएवढ्या जागेत रोवले. कापणीपर्यंत तिथे बकरी तर सोडाच, माझी सावलीही पडू दिली नाही. त्या साली घरात त्या धानाचा एक घास शिजला नाही. सगळं बियाणं.

त्याच्या पुढच्या वर्षी ते परत बांधीत गेलं आणि पिकलं. उन्हाळ्यात आम्ही पुन्हा अड्याळला गेलो. मोटरसायकलवर बियाण्याची टोपली होती आणि एक वेगळी थैली. आईने टोपली मामाला ओलांडून मामीच्या हातात दिली. थैलीत चिन्नोरचे कांडलेले पांढरे स्वच्छ तांदूळ होते.

"हे पाहुण्यायले," आई म्हणाली.

"अन् मले?" मामाने विचारलं.

"पाहुने आले का त्यायच्यासंग बस."

मामीने टोपली आतल्या खोलीत नेली आणि बाहेरून कडी लावली.