एकच ड्राइव्ह

देवासच्या आमच्या शेडमध्ये लेथ आणि ड्रिल, दोघांत मिळून ड्राइव्ह एकच. मोटरचा वेग कमीजास्त करणारा हा डबा. ज्या मशीनवर काम, तिथे त्याचा प्लग लावायचा. चालू असताना प्लग काढला तर डबा जळतो, हे बाबांना मीच बजावलं होतं.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा बाबा सवयीनं पाऊलभर मागे सरले. त्यांचा लेथ आयुष्यभर झटका देऊनच सुरू झालेला. आज मात्र त्याचा चक, म्हणजे काम पकडून फिरणारा जबडा, आवाज न करता, हळूहळू फिरू लागला. बाबांनी चपला काढल्या आणि हात जोडले.

मला मेल्याला ड्रिलची घाई. बटण बंद केलं आणि चक अजून फिरत असतानाच प्लगला हात घातला.

"अरे, थांबू दे की त्याला आधी!" बाबा ओरडले.

चक थांबेपर्यंत आम्ही दोघं त्याच्याकडे बघत उभे राहिलो. माझ्याही चपला कधी निघाल्या, कळलंच नाही.