तेरड्याचे डेंगळे

ऐंशी सालच्या आसपास मी नाशिकच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो. साल्हेर किल्ल्याच्या माथ्यावर उथळ मातीत ओल टिकत नाही आणि वारा उभं राहू देत नाही, म्हणून तिथला तेरडा वीतभर वाढतो आणि लगेच फुलतो. खाली तोच कमरेएवढा होतो आणि सावकाश फुलतो. ही नुसती जागेची करामत की बियाणंच बदललंय, हे मला बघायचं होतं. दोन्हीकडचं बी मी घरामागे एकाच वाफ्यात मिसळून लावलं. कुठलं रोप कुठलं, हे फक्त माझ्या वहीत होतं.

श्रावणात देवळ्याहून सासरे आले. जन्मभर कांदा पिकवलेला माणूस. वाफ्याला हात लावू नका, असं मी त्यांना दोनदा बजावलं. संध्याकाळी घरी आलो तर निम्मी रोपं उपटून कुंपणाशी टाकलेली.

"जावईबापू, लय डेंगळे झाले व्हते," ते म्हणाले. कांदा पोसायच्या आधीच फुलावर आला की त्याला डेंगळा म्हणतात. "वाढ नाय आन् फुलायची घाई. काढून टाकले. आता बाकीचे झकास वाढतील."

तणतणत मी वही काढली आणि वाफ्यातल्या रिकाम्या जागा ताडून बघितल्या. झाडून सगळी रोपं साल्हेरची होती. खालचं एकही नव्हतं.

प्रयोग बुडाला म्हणून महिनाभर मी त्यांच्याशी धड बोललो नाही. बियाणंच बदललंय, हा निकाल तर त्यांनीच लावला होता, वही न बघता.