गुणाजीचं गाऱ्हाणं

मी अठ्ठावन्नाव्या वर्षी शाळेतून निवृत्त झालो, तेव्हा गावाने शाल घातली, नारळ दिला, देवळात पेढे ठेवले. गुणाजी पन्नाशीत समुद्रावरून निवृत्त झाला, तेव्हा त्याच देवळाच्या पायरीवर कोणी सरकून त्याला जागा दिली नाही.

गुणाजी तारकर्लीच्या रापणीचा तांडेल. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं लांबलचक जाळं. होडीतून ते कुठे आणि कधी सोडायचं, हे तांडेल ठरवतो. उंच, हाडापेराने मजबूत, बोलायला मवाळ. शिमगा झाला आणि त्याने सांगून टाकलं, आता पुरे. दुखणं नव्हतं, भांडण नव्हतं. मुलगा किरण पर्यटकांना खोल्या देतो, त्यावर घर चालतं. उरलेले दिवस गुणाजीला देवळात पखवाज वाजवत, देवाचं नाव घेत काढायचे होते. मला त्यात भक्ती दिसली.

गावाला आळस दिसला, आणि त्याहून वाईट म्हणजे देवाशी उर्मटपणा. शंकर गावकार, देवळातला पहिला मानकरी, चारचौघांत म्हणे की समुद्र हाच आपला देव आणि दोर ओढणं हीच त्याची पूजा. हातपाय धड असताना पूजा टाकणाऱ्याने देवळात कशाला यावं? वैशाखात रापणी रिकाम्या आल्या, तो दोषही गुणाजीच्याच माथी. भजनाच्या मंडळींनी पखवाज कुलपात ठेवला. पोरं त्याला ‘संन्याशी म्हाराज’ म्हणू लागली.

घरातही थारा नव्हता. बायको हिरा पहाटेच्या एसटीने मालवणच्या बाजारात मासे विकायला जाते. ती भांडली नाही. त्याचं ताट वाढून झाकून ठेवायची, समोर बसायची मात्र नाही.

एका गोष्टीला तेवढा कोणी हात लावला नव्हता. नारळी पौर्णिमेला समुद्राला पहिला नारळ गुणाजीच्या घराण्याने द्यायचा, हा मान आजोबांपासूनचा. गुणाजीचा जीव त्या मानात होता.

यंदा सगळा गाव किनाऱ्यावर जमला. गुणाजी नारळ घेऊन पुढे उभा राहिला आणि शंकर गाऱ्हाणं घालू लागला, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणं मागू लागला. होड्या राख, वादळ टाळ, जाळ्याला मासळी दे. दर मागण्याला जमाव ‘होय म्हाराजा’ म्हणत होता. मग त्याच सुरात शंकर म्हणाला, “आणि हातपाय धड आसान जो घरात बसलो, तेका पुन्हा होडयेत बसव रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा.”

त्यात गुणाजीचाही आवाज होता, सगळ्यांत भरदार. लहानपणापासूनची सवय, शब्द आधी निघून गेला, अर्थ मागून आला. लोक खो खो हसले. शंकर हसला नाही.

“देवासमोर होय म्हटलंस, गुणाजी. उद्या होडयेत बस. नायतर नारळ धनेशाक दी.”

धनेश हा नवा तांडेल. तो खाली वाळूकडे बघत राहिला. गुणाजीने नारळ छातीशी धरला. मग समुद्राकडे वळून त्याने स्वतःच गाऱ्हाणं घातलं.

“बा म्हाराजा, चुकान होय म्हटलंय, ता पदरात घे. ह्या हातांनी तुझी चाकरी केलंय. आता तुझ्या दारात निवांत बसाक दी रे म्हाराजा.”

तो थांबला. एवढ्या जमावातून कोणी तोंड उघडलं नाही. मी ‘होय म्हाराजा’ म्हटलं, पण लाटांच्या आवाजात ते शेजारच्यापर्यंत तरी पोचलं की नाही, कोण जाणे. गुणाजीने नारळ धनेशच्या हातात ठेवला आणि माडांमधून घराकडे चालू लागला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्याच्याकडे गेलो. अंगणात हिरा सुक्या मासळीची टोपली भरत होती. गुणाजी हळूच म्हणाला की गावाने नाही तरी देवाने ऐकलं असणार, आणि मास्तरांनीही होय म्हटलं, ते त्याला ऐकू आलं होतं.

हिराने मान वर केली. “तुमच्या गाऱ्हाण्याक मास्तरांनी तरी होय म्हटल्यानी. माझ्या ढोपरांचा गाऱ्हाणा कोण घालतलो?”

 गुणाजी उठला आणि टोपली तिच्या डोक्यावर द्यायला वाकला.

“ऱ्हवांदे,” ती म्हणाली, आणि तिने टोपली उचलून द्यायला कुंपणापलीकडच्या राधाबाईला हाक मारली.